सव्वातीनची घंटा

"कष्टकऱ्यांच्या इतिहासात आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल!" गुंडूरावांनी उजवा हात वर उचलला आणि तो पंख्याच्या पात्याला लागता लागता वाचला. "पिढ्यान्‌पिढ्या जे दाराबाहेर उभे राहिले, ते आज दाराच्या आत, टेबलाशी, बरोबरीने बसणार आहेत. या, चंद्राबाई! बसा!"

चंद्राबाई आल्या. टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या आणि सहाही भरलेल्या होत्या. समितीचे सदस्य सहा आणि खुर्च्या सहा, असा हिशोब अगदी बरोबर जुळवलेला होता. फक्त सहाव्या खुर्चीवर कामगार संघाचे सरचिटणीस गुंडूराव बसले होते. ते सदस्य नव्हते, निमंत्रित होते. सोन्याच्या अक्षरांपुरते उठले होते तेवढेच.

हेडमिस्ट्रेस हेमलता मॅडमनी कारकून रघुजीकडे पाहिलं. रघुजीने दाराकडे पाहिलं. गेली सव्वीस वर्षं या शाळेत खुर्ची कमी पडली की दाराकडे पाहायचं आणि दारातून चंद्राबाई यायच्या, असा रिवाज होता. आज त्या आधीच आत आलेल्या असल्यामुळे दारात कोणी दिसेना. मग रघुजीने चंद्राबाईंकडेच पाहिलं.

"चंद्राक्का, एक खुर्ची कमी पडते बघा," तो मराठीत म्हणाला. सभेत सगळे कन्नड बोलत होते, पण चंद्राबाईंशी रघुजी नेहमी मराठीत बोले. आपल्या माणसाला काम सांगायचं तर आपल्या भाषेत सांगावं, अशी त्याची घरंदाज शिकवण होती.

तेव्हा इतिहासाला पाच मिनिटं थांबवून चंद्राबाई आवार ओलांडून पाचवी ब मध्ये गेल्या, "टीचर, स्वल्प ही खुर्ची नेते हां" म्हणाल्या, लाकडी खुर्ची काखेत मारून परत आल्या आणि ती फरशीवर घासणार नाही अशा बेताने टेकवली. तिचा एक पाय आखूड होता. तो कुठला हे त्यांना ठाऊक होतं. पदराच्या गाठीतली बसची तिकिटं काढून त्यांनी त्या पायाखाली सारली आणि त्या बसल्या. तोपर्यंत गुंडूरावही बसले होते आणि सोन्याची अक्षरं संपली होती.

शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आपल्याला का वगळलं म्हणून बाकीच्या शाळांना वाईट वाटेल. बेंगळुरातली एक सरकारी शाळा, सहाशे मुलं, चिकपेटातून चालत वीस मिनिटांवर, एवढं पुरे.

सरकारने माणसांना अक्षरं वाटायला घेतली तेव्हा ए, बी आणि सी वरच्या वर संपली आणि डी उरलं. चंद्राबाई ग्रूप डी. शिपाई. खोल्या उघडणं, वर्गातले फळे पुसणं, पाणी भरणं, टपाल नेणं, मेमो वाटणं, पेन्सिली तासणं आणि घंटा देणं, ही त्यांची कामं. घंटा म्हणजे करंजाच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी गज. शाळेत दोनदा विजेची घंटा बसवून झाली होती. पहिली वीज गेली की मुकी व्हायची. दुसरी एका रविवारी आपण होऊन वाजू लागली ती सोमवारपर्यंत थांबली नाही, आणि शेजारच्या गल्लीने अर्ज दिला. त्यानंतर रुळाशी कोणी खेळ केला नाही. पहिला तास संपला की एक टोला, दुसरा संपला की दोन, आणि सुटताना लांब, न मोजता. चंद्राबाई घड्याळ पाहत नसत. वेळ झाली की त्यांचे गुडघेच त्यांना उठवत. सव्वीस वर्षांत एक टोला चुकला नव्हता. त्यांची आई गेली त्या दिवशी निरोप दुपारी अडीचला आला. त्यांनी लांब घंटा दिली, खोल्यांना कुलपं लावली, आणि मग रडत घरी गेल्या.

महानंदाला तर डी हे अक्षरही मिळालं नव्हतं. ती शाळेची आया. अथणीकडची, नवऱ्यामागे बेंगळुराला आलेली. एकोणीस वर्षं ती या शाळेत तात्पुरती होती. संडास धुणं, पहिलीतल्या पोरांच्या चड्ड्या बदलणं, डब्यांची हरवलेली झाकणं शोधून शोधून जुळवणं, हे सगळं ती तात्पुरतं करत आली होती. ज्यांच्या चड्ड्या तिने बदलल्या होत्या, त्यातले दोघेतिघे आता मिशा राखून स्वतःची पोरं पहिलीत घालायला येत आणि फाटकातून तिला 'महानंदाम्मा' म्हणून हाक मारत.

आजच्या सभेतला तिसरा विषय या महानंदाचा होता. कागदावर तिचं नाव नव्हतं. कागदावर होतं 'स्वच्छता व बालसंगोपन सेवांचे बाह्यस्रोतीकरण'. हा शब्द रघुजीचा विशेष लाडका. तो उच्चारताना त्याचे डोळे किंचित मिटत. अर्थ एवढाच की महानंदाने घरी जावं, आणि तिच्या जागी एका कंपनीकडून दर महिन्याला एक नवी बाई यावी, जिला पोरांची नावं पाठ व्हायच्या आत बदलता येईल.

आता समितीविषयी. वरून एक परिपत्रक आलं होतं. शाळेतल्या मदतनीस कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा निर्णय घेताना त्यांचा स्वतःचा एक निवडलेला प्रतिनिधी समितीत हवा. त्या प्रतिनिधीने विरोध नोंदवला, तर प्रकरण वर सुनावणीला जाईल. विरोध नोंदला गेला नाही, तर समितीचा शब्द शेवटचा. तीस वर्षं या लोकांच्या वतीने बोलत आलेल्या गुंडूरावांना परिपत्रकातलं 'त्यांचा स्वतःचा' हे जरा अनावश्यक वाटलं. पण नियम म्हणजे नियम. मदतनीस तीन होते: चंद्राबाई, महानंदा आणि वॉचमन यल्लाप्पा. मतदान झालं. दोन विरुद्ध शून्य मतांनी चंद्राबाई निवडून आल्या. यल्लाप्पा त्या वेळी झोपला होता, आणि त्याचं झोपणंही कामावरच मोजलं जात असल्याने कोणी उठवलं नाही.

"अक्का, तू लई काय बोलू नको बघ," महानंदाने आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी सांगितलं होतं. तिच्या हातातला झाडू ओला होता आणि तो ती नुसतीच पिळत उभी होती. "ते मोठी माणसं हाईत, बोलण्यात तुला गुंडाळतील. तू नुसतं एवढं म्हण, ओप्पिगे इल्ला. मान्य नाही म्हण आणि गप बस. बाकीचं वर बघतील की."

"दोनच शब्द ना गे? म्हणते."

"म्हणशील ना पण?"

"अय्यो, म्हणते म्हटलं ना! आठ दिवस तेच म्हणते आहे." आणि ते खरं होतं. झाडताना, पुसताना, गज उचलताना चंद्राबाई 'ओप्पिगे इल्ला' घोकत होत्या. रुळाने तोवर त्यांचा विरोध शंभर वेळा नोंदवला असेल. "तू फक्त एक कर. सव्वातीनला मी सभेत असणार. सहावा तास संपल्याची घंटा तू दे. सहा टोले."

"सहा. देते की."

घरी नवऱ्याने, परसूने, निराळाच सल्ला दिला. परसू चिकपेटात एका साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं घड्या उलगडत आणि घालत आला होता. दिवसातून दोनशे साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक एक घ्यायचं, त्यामुळे माणसांविषयी त्याचं मत पक्कं होतं.

"तू बोलणार? सरी, चालेल. बोल. पण उभी राहून बोलू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे बसूनच राहा. एकदा उभी दिसलीस की ते तुला काहीतरी आणायला पाठवतील. मी दुकानात बघतो ना."

चंद्राबाई हसल्या होत्या.

सभा अडीचला सुरू झाली. पहिला विषय स्वागत. स्वागताला दहा मिनिटं लागली, कारण प्रत्येकाने प्रत्येकाचं केलं. नंतर गुंडूरावांनी 'दोन शब्द' घेतले आणि ते दहा मिनिटं पुरवले. त्यात भांडवल आलं, श्रम आले, अनेक देश आले. महानंदा आली नाही. दुसरा विषय झाडूंच्या कपाटाला कोणता रंग द्यावा हा. त्यावर पालक प्रतिनिधी आणि दोन्ही शिक्षक फार पोटतिडकीने बोलले. शेवटी निळा ठरला.

मग सगळे चहाची वाट पाहू लागले. म्हणजे दाराकडे पाहू लागले. चहा नेहमी चंद्राबाई करत. मॅडमनी दारावरची नजर हळूच चंद्राबाईंवर आणली. चंद्राबाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या. परसूचे शब्द त्यांच्या कानात होते. सहा माणसांना एकाच वेळी चहाची तलफ आली की जी शांतता होते ती झाली.

चहा महानंदाने आणला. जिला काढायचं ठरवायला ही माणसं जमली होती, तिने ट्रे एका हातावर तोलून एकेकापुढे कप ठेवला. कप सहा. मॅडम, रघुजी, दोघे शिक्षक, पालक, गुंडूराव. चंद्राबाईंपाशी येऊन ती थांबली आणि तिची तीच चपापली. एकोणीस वर्षं सभेसाठी सहाच कप विसळले होते. हाताने मोजले, डोक्याने नाही.

"अगबाई, अक्का, तू राहिलीस!"

"असू दे गे."

महानंदा पळत गेली आणि स्वतःच्या स्टीलच्या लोट्यातला चहा घेऊन आली. तोपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. रघुजीने कप तोंडाला लावला, ओठ पुसले आणि फार आपुलकीने म्हणाला, "महानंदा, नुसता चहा कसा देतेस? कोपऱ्यावरून बिस्किटं घेऊन ये बघू. दोन पुडे. ती नारळाची."

महानंदाने चंद्राबाईंकडे पाहिलं. चंद्राबाई लोट्यातल्या चहावर फुंकर घालत होत्या. तात्पुरत्या माणसाला, तेही ज्याचा विषय पुढे येणार आहे अशाला, 'आत्ता नाही' म्हणायची सवय नसते. ती गेली.

"विषय क्रमांक तीन," रघुजीने वही उघडली. "स्वच्छता व बालसंगोपन सेवांचे…" डोळे किंचित मिटले. "…बाह्यस्रोतीकरण."

प्रास्ताविक त्याने सावकाश वाचलं. प्रत्येक स्वल्पविरामापाशी विसावा घेतला. चंद्राबाईंनी घसा खाकरला. जिभेच्या टोकावर दोन्ही शब्द येऊन बसले होते. आता 'कोणाला काही म्हणायचं आहे का' एवढं मॅडमनी विचारायचं, की झालं.

आणि तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी सांगितलं, सव्वातीन.

बाहेरून टोला आला नाही.

चंद्राबाईंनी कान दिला. आत्ता येईल. महानंदा दुकानात उभी असेल, पळत येईल. आला नाही. सहावीतून बाकं सरकल्याचे आवाज आले. पोरांनाही कळलं होतं. वर्गावर्गांतून तो चमत्कारिक गलका उठला, जो तास संपलाय पण कोणी सांगत नाही तेव्हा उठतो. खोलीत कोणाचं लक्ष नव्हतं. रघुजीने तेवढं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि तो वाचत होता.

पुढे काय झालं ते चंद्राबाईंना नीट सांगता आलं नाही. त्या उठल्या असं त्या म्हणत नाहीत. गज हातात होता आणि रूळ समोर होता, तिथपासून त्यांना आठवतं. एक. दोन. तीन. चौथा टोला पडला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण सभेत नाही.

गज तिथेच टाकून त्या धावल्या. सहा टोल्यांचा तास चार टोल्यांत संपल्यामुळे दुसरीच्या वर्गाने आपापली दप्तरं पुन्हा उघडली. आवारात कोणीतरी "चंद्राम्मा ओडताळे!" म्हणून ओरडलं, कारण धावणाऱ्या चंद्राबाई त्या शाळेने कधी पाहिल्या नव्हत्या.

त्या दारात पोहोचल्या तेव्हा रघुजी वही मिटत होता.

"…एकमताने मंजूर. विषय क्रमांक चार, आभार."

"ओप्पिगे इल्ला!" चंद्राबाई दारातूनच म्हणाल्या. धाप लागल्यामुळे तो विरोध जरा फुटक्या आवाजात आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात शिपाई उभी होती, म्हणजे नेहमीचंच दृश्य.

"काय हो चंद्राक्का?" रघुजी म्हणाला.

"मान्य नाही. तीन नंबरला माझा विरोध लिहा."

"तीन झाला की. आता आभार चाललेत."

"चार मिनिटांत झाला? कपाटाच्या निळ्या रंगाला पाव तास लागला आणि माणसाला चार मिनिटं?"

"एकमत होतं ना, वेळ कशाला लागतो?" रघुजीचा आवाज दुधासारखा होता. "कोणी विरोध केला नाही."

"मी नव्हते!"

"होतात की. ही बघा हजेरी." त्याने वही फिरवली. "अडीच वाजता तुमची सही आहे. चंद्राबाई परसूराव, सदस्या, उपस्थित. मध्ये गेल्याची कुठे नोंद नाही. उपस्थित राहून बोलला नाहीत, म्हणजे मान्य. नियम आहे, मी काय करू?"

चंद्राबाई गुंडूरावांकडे वळल्या. "अण्णा, तुम्ही होतात ना इथं? तुम्ही काय केलंत?"

गुंडूरावांनी फोन खिशात ठेवला. "बाई, मी निमंत्रित. मला मत नाही. आणि खरं सांगू का, मी त्या वेळी फोनवर होतो. तुमच्याच प्रश्नावरच्या मोर्च्याचा मंडप ठरवत होतो."

"थांबा म्हणायला मत कशाला लागतं अण्णा?"

हा प्रश्न गुंडूरावांच्या भाषणात कुठेच बसेना, म्हणून ते चहा प्याले. चहा संपला होता, तरी प्याले.

तेवढ्यात महानंदा आली. हातात नारळाच्या बिस्किटांचे दोन पुडे. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी चंद्राबाईंच्या. तिला कोणी काही सांगितलं नाही, तरी ती पुडे छातीशी धरून भिंतीला टेकली.

चंद्राबाईंना राग फार क्वचित येई. आला तरी सवडीने यायचा, घरी गेल्यावर, भांडी घासताना. आज मात्र तो वेळेवर आला. त्या आत आल्या, पाचवी ब च्या खुर्चीवर बसल्या, पायाखालची तिकिटं पुन्हा नीट सारली आणि म्हणाल्या,

"रघुजी, एक सांग. मी या खुर्चीवर उपस्थित होते, तर सव्वातीनची घंटा कोणी दिली?"

रघुजीने वही पुन्हा स्वतःकडे ओढली.

"घंटा… शिपायाने दिली," रघुजी म्हणाला.

"शिपाई कोण?"

"शिपाई म्हणजे… पद आहे ते."

"त्या पदाचं तोंड कसं आहे?"

पालक प्रतिनिधी हसले आणि मॅडमनी पाहिल्यावर खोकले. रघुजी मात्र सव्वीस वर्षं मुरलेला कारकून होता. त्याने वाट काढली. "हे बघा अक्का, कागदावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घंटा द्यायला शिपाई गेली. सदस्या इथेच होती. नोंदीत काही चूक नाही."

"शिपाई गेली, सदस्या इथेच होती."

"हां."

"लक्षात ठेव हां," चंद्राबाई म्हणाल्या.

आभार झाले. रघुजीने ठराव लिफाफ्यात घातला, वर पत्ता लिहिला, टपालाच्या वहीत नोंद केली. ब्लॉक ऑफिसला आजच, पाचच्या आत पोहोचायला हवा होता. लिफाफा आणि वही खाकी पिशवीत घालून त्याने, मान वर न करता, हात लांब केला. सव्वीस वर्षं तो हात असाच लांब व्हायचा आणि पिशवी त्यातून निघून जायची. आज हात तसाच हवेत राहिला.

"चंद्राक्का, टपाल."

"शिपायाला सांग."

"म्हणजे?"

"शिपाई घंटा द्यायला गेली ती अजून आली नाही. इथं सदस्या बसली आहे. सदस्यांनी टपाल नेलेलं मी तरी कधी बघितलं नाही. तू बघितलंस?"

"चंद्राबाई!" आता हेमलता मॅडम बोलल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्याही वर कोणी होतं, आणि त्याच्यावरही, आणि त्या सगळ्यांचं वजन शेवटी खाली येत येत महानंदावर यायचं, एवढंच. "ही शिस्त नाही. मला मेमो द्यावा लागेल."

"द्या ना मॅडम," चंद्राबाई नम्रपणे म्हणाल्या. "पण टाइप झाल्यावर तो मला आणून कोण देणार? मेमो वाटायचं काम माझं आहे."

मॅडमनी डोक्याला हात लावला.

चार वाजले. सव्वाचार झाले. चारवीसला शाळा सुटते. रघुजी टेबलाशी, चंद्राबाई खुर्चीवर, मध्ये खाकी पिशवी. चारवीसला चंद्राबाईंचे गुडघे उठले. त्यांनी दोन्ही तळव्यांनी ते दाबून धरले. आई गेली त्या दिवशी जे त्यांनी केलं नव्हतं ते त्या आज करत होत्या, आणि ते त्यांना अजिबात आवडत नव्हतं.

"अक्का," महानंदा भिंतीपासून हळूच म्हणाली, "जाऊ दे गे. पोरं खोळंबली. मी देऊ का घंटा?"

"तू बाह्यस्रोत झालीस. गप उभी राहा."

फाटकापाशी मुलांच्या आया जमल्या, रिक्षा लागल्या, शाळेच्या व्हॅनवाल्यांनी हॉर्न धरले. यल्लाप्पा जागा झाला, ही त्या दिवसाची आणखी एक ऐतिहासिक घटना. सहाशे पोरं दप्तरं पाठीवर घेऊन बाकांवर बसून होती, कारण घंटा झाल्याशिवाय हलायचं नाही हे चंद्राबाईंनीच त्यांना शिकवलं होतं. शेवटी मॅडम स्वतः उठल्या, साडी सावरत झाडापर्यंत गेल्या आणि गज उचलून रुळावर मारला. 'थप्प' असा आवाज आला. रुळाला कुठे मारलं की तो बोलतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चार-पाच 'थप्प' झाल्यावर दुसरीतला एक मुलगा खिडकीत आला, मॅडमकडे बघून "गुड आफ्टरनून" म्हणाला आणि परत जाऊन बसला.

मॅडम परत आल्या. तळहात चोळत होत्या. गज जड असतो.

"रघुजी," त्या म्हणाल्या, "लिहून टाक."

"मॅडम, पण ठराव—"

"लिफाफा फोड आणि लिही."

रघुजीने लिफाफा फोडला. ठरावाखाली जागा होती. त्याने कानावरची पेन्सिल काढली.

"पेन्सिलीने नको," चंद्राबाई म्हणाल्या. "पेन्सिली मीच तासते. कुठलीने लिहिलेलं किती दिवस टिकतं मला ठाऊक आहे. पेनने लिही. आणि मोठ्याने वाच."

रघुजीने लिहिलं. मग वाचलं. "विषय तीन. सदस्या श्रीमती चंद्राबाई यांचा विरोध."

"महानंदाचं नाव घाल."

"त्याची गरज—"

"घाल. कागदभर शोधलं, तिचं नाव नाही कुठे. जिला काढताय तिचं नाव तरी लिहा."

त्याने घातलं. श्रीमती महानंदा, आया, एकोणीस वर्षे. चंद्राबाईंनी खाली आपली सही केली, अक्षर अक्षर जोडून, जशी त्या हजेरीच्या वहीत रोज करायच्या. त्यानंतर त्या उठल्या, झाडापाशी गेल्या आणि लांब घंटा दिली. सहाशे पोरांचा लोंढा फाटकाकडे सुटला. अकरा मिनिटं उशीर झाला होता. एकूण सव्वीस वर्षांत.

त्या परत खोलीत आल्या आणि हात पुढे केला. "आण ती पिशवी. सभा संपली, सदस्या गेली. पाचच्या आत पोचवते."

महानंदा दारातच होती. बिस्किटांचे पुडे अजून तसेच छातीशी. "म्हणजे अक्का, मी राहिले का गे?"

"सुनावणीपर्यंत."

"आणि मग?"

चंद्राबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मग तिथं पण म्हणायचं."

"पुढची सभा," रघुजी वहीत बघत म्हणाला, "एकवीस तारखेला." त्याने मान वर केली नाही. "वेळ दुपारी तीन. मुख्य विषय सव्वातीनला घेऊ."

महानंदाने एक पुडा उघडून मॅडमच्या पुढे ठेवला, सवयीने.

तेवढ्यात गुंडूरावांना कंठ फुटला. ते उठले, पंखा कुठे आहे ते या वेळी पाहून घेतलं आणि हात वर केला. "कष्टकऱ्यांच्या इतिहासात आजचा हा विजय… थांबा, चंद्राबाई, एक फोटो घेऊ! संघाच्या ग्रूपवर टाकतो. तीस वर्षांचा आपला लढा आज—"

चंद्राबाई उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी एकदा गुंडूरावांकडे आणि एकदा टेबलाकडे पाहिलं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "ती खुर्ची तेवढी पाचवी ब मध्ये नेऊन ठेवता? सांभाळून हां, एक पाय आखूड आहे."